चांदीचा काळिमा व चित्ताची शुद्धी

॥ श्रीराम ॥



श्रीरामनवमीचा उत्सव जवळ आला. वहिवाटीप्रमाणे भांडारातील पेट्या उघडण्यात आल्या आणि श्रींच्या मागे उभी राहणारी जुनी प्रभावळ, आरतीची तीन तबके, चवरीची मूठ व गुलाबदाणी-अत्तरदाणीची जोडी बाहेर निघाली. या सर्व वस्तू भरीव चांदीच्या नव्हेत. पितळेवर चांदीचा मुलामा दिलेल्या आहेत, आणि आपल्यांतील कित्येक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांनी त्या श्रींस अर्पण केल्या आहेत. आज त्या काळवंडल्या आहेत. कोठे करडी झाक आहे, कोठे निळसर, आणि नक्षीच्या खाचांतून तर काजळ घातल्यासारखी काळी रेघ दिसते.

व्यवस्थापक मंडळाच्या सभेत प्रश्न निघाला की, या वस्तू आपल्या इंदूरच्या सराफ्यात देऊन यंत्राच्या चाकावर लखलखीत करून घ्याव्यात, की आहेत तशाच मांडाव्यात? दोन्ही बाजूंनी बोलणे झाले, आणि अखेर पुजाऱ्यांचे मत घ्यावे असे ठरले. तीर्थरूपांनी ते काम आमच्यावर सोपविले. "तू लिही, तुला याचा अनुभव आहे," एवढेच ते बोलले. आमचे वय लहान, शिक्षण हायस्कुलापुरते. प्रवचन करण्याचा अधिकार आमचा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु अनुभव आहे हे खरे. तो कोणता, हे पुढे सांगतो.

प्रथम, चकचकीत करावे म्हणणाऱ्यांची बाजू मनःपूर्वक मानली पाहिजे. देवापुढे मळके पात्र ठेवू नये, हा संस्कार आपल्या आयांनी आपल्या हाडीमासी रुजविला आहे. ज्या घरी देवाची उपकरणी काळी, त्या घरी सेवेत आळस शिरला असे आपण समजतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. उत्सवाच्या दिवशी समयांच्या प्रकाशात प्रभावळ झळकावी, दर्शनाला आलेल्याचे डोळे निवावेत, ही इच्छा भक्तीतूनच उपजते. तेव्हा हा वाद भक्त आणि अभक्त यांच्यामधील नव्हे. भक्तीने काय करावे आणि किती करावे, एवढाच तो प्रश्न आहे.

आता आमचा अनुभव. आम्ही नुकतीच शाळा संपविली होती. तीर्थरूप एका यजमानाकडील उपनयनासाठी तीन दिवस परगावी गेले आणि मंदिराची पूजा आमच्याकडे आली. आपण काहीतरी करून दाखवावे, वडील परत येताच त्यांनी पाठीवर हात ठेवावा, अशी हाव मनात शिरली. तीन तबकांपैकी जे सर्वांत मोठे, ते आम्ही विहिरीपाशी नेले. तांब्या-पितळेची भांडी घासण्याची पूड, चिंच आणि नारळाचा काथ्या घेतला व दोन तास मन लावून घासले. काळे पाणी वाहू लागले. ते पाहून आम्हांस वाटले, वर्षानुवर्षांचे पातक वाहून चालले आहे! संध्याकाळी तबक पौर्णिमेच्या चंद्रासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात पाहिले, तो काठावर पिवळे डाग. चांदी निघून खालचे पितळ उघडे पडले होते. काठावर ज्या बाईंच्या स्मरणार्थ ते तबक दिले होते, त्यांचे नाव कोरलेले होते. त्यातली अर्धी अक्षरे सपाट झाली होती.

त्या बाईंची नात, आपल्याच सभासद कुटुंबांतील एक वृद्ध मावशी, रोज सायंआरतीला येत असत. दृष्टी अधू झालेली. आरतीचे तबक फिरत त्यांच्यापुढे आले की त्या ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांस लावीत आणि मग एक बोट हळूच काठावरून फिरवीत. आम्ही ते रोज पाहत होतो, पण त्याचा अर्थ कधी मनात आला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांचे बोट काठावरून एकदा फिरले, पुन्हा फिरले, आणि थांबले.

"हे आपले तबक नव्हे का रे? बदलले का?"

"तेच आहे, मावशी. घासले आहे."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "छान दिसते हो." तीर्थ घेतले आणि काठी टेकीत निघून गेल्या.

बंधु-भगिनींनो, त्यांनी आम्हांस चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

तीर्थरूप परत आले. त्यांनी तबक उजेडात धरून फिरवून पाहिले. रागावले नाहीत. एवढेच विचारले, "तू काळे काढलेस, की चांदी काढलीस?" आणि प्रायश्चित्त सांगितले की, वर्षभर हे तबक रोज तूच धुवायचेस, केवळ पाण्याने, आणि पुसून कोरडे करून ठेवायचेस. त्यांचा तो प्रश्न हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

काळे म्हणजे काय, ते आधी पाहू. चांदी लोखंडासारखी गंजत नाही. हवेत गंधकयुक्त वायू अल्प प्रमाणात असतात. जळणाच्या धुरात असतात, काही पदार्थ कुजताना निघतात. त्यांतील गंधकाचा चांदीशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो, तोच हा काळिमा. म्हणजे तो बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. चांदीनेच धारण केलेले ते दुसरे रूप आहे. त्यामुळे तो काढायचा म्हणजे त्यात गुंतलेली चांदीही त्याच्याबरोबर जाते, आणि खरखरीत पुडीने घासले तर खालची निर्मळ चांदीही थोडी थोडी खरवडली जाते. भरीव चांदीच्या फुलपात्राला हा तोटा पिढ्यान्‌पिढ्या सोसवतो. मुलाम्याच्या वस्तूला मात्र सोसण्यासारखे फारसे काही नसते.

मुलाम्याचीही कथा थोडी जाणून घ्यावी. इंग्लंडात शेफील्ड येथे १७४० नंतरच्या दशकात तांब्याच्या जाड तुकड्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडण्याची व मग दोन्ही मिळून लाटण्याची युक्ती निघाली. पुढे १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विद्युत्प्रवाहाने चांदी चढविण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून मुलाम्याची भांडी स्वस्त होऊन जगभर पसरली. विजेने चढविलेल्या त्या चांदीचा थर बहुधा माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. आपल्यापैकी काहींच्या घरी ई. पी. एन. एस. अशी अक्षरे उमटविलेल्या जुन्या तबकड्या वा चहादाण्या असतील. त्या अक्षरांचा अर्थ चांदी असा नव्हे. खाली तांबे, निकल व जस्त यांचा मिश्रधातू आणि वर विजेने चढविलेली चांदी, असा आहे. त्या वस्तूही याच जातीच्या समजाव्यात.

वर्षभर पाण्याने धुता धुता आम्हांस आणखी एक गोष्ट उमगली. ज्याला आपण सरसकट 'काळे' म्हणतो, त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कापराची व तुपाच्या वातीची काजळी, ओल्या हळदकुंकवाची पुटे, पंचामृताचा चिकटा, बोटांचे तेल, हा झाला मळ. तो वरून आलेला असतो आणि कोमट पाण्याने, सौम्य साबणाने वा रिठ्याच्या फेसाने, मऊ सुती कापडाने निघून जातो. तो काढलाच पाहिजे. न काढणे हा आळसच होय. दुसरा तो काळिमा, म्हणजे काळाने चढविलेली झाक. नक्षीच्या खाचांत ती राहते म्हणूनच वेलीचे पान पानासारखे आणि हंसाचा पंख पंखासारखा उठून दिसतो. खाचा धुवून पांढऱ्या केल्या की उठावाचे सारे काम आंधळे होते. आम्ही तबक घासले, तेव्हा मळ आणि काळिमा यांतला भेद न करता दोन्हींवर एकच काथ्या चालविला. आमची चूक ती हीच.

आमच्या या चुकीवर आपल्या पूर्वजांनी आधीच विचार करून ठेवला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. त्यात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे या धातूंची शुद्धी क्षाराने, आंबट द्रव्याने व पाण्याने, ज्याला जे योग्य त्याने करावी, असा अभिप्राय आहे. सोन्याचे पात्र मात्र, त्यास काही चिकटलेले नसेल तर, केवळ पाण्याने शुद्ध होते, आणि नक्षी नसलेल्या चांदीच्या पात्रालाही तोच नियम सांगितला आहे. नक्षीच्या खाचांत अन्न व मळ अडकतो, म्हणून तेथे अधिक निगुतीने धुवावे लागते, हे तर प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. परंतु मूळ मुद्दा ध्यानात घ्यावा. शास्त्रकारांनी शुद्धी सांगितली, चकाकी सांगितली नाही. आणि शुद्धीसुद्धा सर्वांस एकाच मापाने सांगितली नाही. ज्याची जशी प्रकृती, तशी त्याची शुद्धी. चिंच आणि राख तांब्याला उपकारक, तीच मुलाम्याला घातक.

येथे कोणी म्हणेल, धातूच्या चार वस्तूंसाठी एवढा विचार कशाला? झिजल्या तर पुन्हा मुलामा देऊ. आम्हीही तसेच म्हणून सराफ्यातील एका वृद्ध कारागिराकडे ते तबक घेऊन गेलो होतो. त्याने भिंगातून पाहिले व सांगितले की, नवा मुलामा सहज देता येईल, पण तो नीट बसावा म्हणून आधी जुना काढून पितळ गुळगुळीत करावे लागेल, आणि उरलेली अक्षरेही त्यात जातील. आम्ही तबक परत आणले. तीर्थरूप म्हणाले, "असू दे. आता ते अक्षतांसाठी वापरू." आजही ते तबक त्याच कामी आहे.

झिजणे ही केवळ भांड्यांची गोष्ट नव्हे. आपल्यापासून जवळच असलेल्या उज्जयिनीच्या श्रीमहाकालेश्वरांचे उदाहरण पाहा. ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तज्ज्ञांनी पाहणी केली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने जे आदेश दिले त्यांत दर्शनार्थी भाविकांनी लिंगाला घासू नये, असेही स्पष्ट सांगितले. विचार करा, ज्यांचे हात त्या लिंगावर फिरत होते, ते कोणी वैरी नव्हते. प्रत्येक हात भक्तीचाच होता, आणि प्रत्येकास वाटत होते की आपल्या एका हाताने काय होणार? परंतु पाषाणालाही सोसण्याची सीमा असते. जेथे पाषाण झिजतो, तेथे केसाहून पातळ चांदीची काय कथा, आणि माणसाच्या मनाची तर काय कथा!

हे शेवटचे वाक्य आम्ही अनुभवानेच लिहिले आहे. ज्या वर्षी आम्ही तबक घासले, त्याच सुमारास आम्ही आणखी एका ठिकाणी काथ्या चालवीत होतो. तीर्थरूपांचे पुढचे दात पडले आहेत, त्यामुळे काही उच्चार पूर्वीसारखे निघत नाहीत. संकल्प सांगताना एखादा शब्द गळतो. आम्ही नव्याने शिकलेलो, उत्साही. शेजारी बसून भर सभामंडपात, यजमानांच्या देखत, आम्ही त्यांची चूक मोठ्याने दुरुस्त करीत असू. आम्हांस वाटे, पूजा शुद्ध होत आहे. ते काही बोलत नसत. हळूहळू त्यांचा आवाज मात्र बारीक होत चालला होता. तो शुद्धीने नव्हे, झिजेने, हे आम्हांस कळले नाही.

तबक धुण्याचे ते वर्ष चालू असता एके दिवशी त्यांचा पुन्हा एक शब्द गळला. आमचे तोंड उघडले आणि तसेच मिटले. दोन शब्द पुढे गेल्यावर ते आपणच थांबले, मागे आले, आणि गळलेला शब्द सावकाश उच्चारून पुढे गेले. कदाचित ते पूर्वीही तसेच करीत असतील. आम्ही त्यांस तेवढा अवकाशच दिला नव्हता.

तेव्हा घरोघरी आपण कोणाकोणाला घासतो, याचा विचार व्हावा. नव्याने आलेल्या सुनेच्या माहेरच्या बोलीला आपण हसतो, आजोबांच्या त्याच त्या गोष्टीला मध्येच तोडतो, परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला चारचौघांत उभे करतो. हेतू चांगला असतो. त्याला उजाळा यावा, हाच असतो. परंतु त्या वेळी स्वतःस विचारावे की, हा मळ आहे की त्याच्या आयुष्याने त्याच्यावर चढविलेली झाक आहे? आणि मळच असेल, तर तो कोमट पाण्याने निघेल, की काथ्याच हवा?

मात्र येथे दुसऱ्या टोकाला जाऊ नये. जुने आहे एवढ्यावरून सर्वच काही जपण्याजोगे ठरत नाही. खोटे बोलणे, व्यसन, हिशेबातील लबाडी, भावाभावांतील अबोला, हा मळच होय, आणि त्यास 'आमच्या घराण्याची रीत' म्हणून अभय देऊ नये. जन्माने खालचा ठरवून कोणास देवाच्या दारी दूर उभे करणे, ही रीत कितीही जुनी असली तरी ती काळाची शोभा नव्हे, साचलेला मळ आहे. तो धुताना हात आखडू नये. विवेक म्हणजे काही न करणे नव्हे. काय काढावे आणि काय राहू द्यावे, हे ओळखून मग हात चालविणे, याचे नाव विवेक.

आपल्या भाषेत 'मुलामा' हा शब्द निंदेने वापरतात. वरवरचा, खोटा, असा त्याचा अर्थ झाला आहे. आम्हांस तसे वाटत नाही. आपणांपैकी कोण भरीव चांदीचा आहे? आईवडिलांचे संस्कार, गुरूंचे चार शब्द, संतांच्या सहवासाची थोडी आठवण, इतका पातळ थर आपल्या पितळेवर चढलेला असतो. तो दिलेला आहे, आपला कमावलेला नव्हे, म्हणूनच तो जपायचा.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येतो. मंडळापुढे आमचे नम्र मत असे आहे. प्रभावळ, उरलेली दोन तबके व इतर मुलाम्याच्या वस्तू यंत्राच्या चाकावर देऊ नयेत. पूड, राख, चिंच, लिंबू, दंतमंजन यांपैकी काहीही त्यांस लावू नये. भांड्यात ॲल्युमिनियमची पन्नी व खाण्याचा सोडा घालून गरम पाण्यात चांदी बुडविण्याची रीत अलीकडे घरोघरी करतात. तिने काळिमा जातो व चांदी घासली जात नाही, हे खरे. परंतु नक्षीतील काळी रेघही त्यात निघून जाते, आणि ज्या वस्तूचे पितळ उघडे पडले आहे तिला ते मानवत नाही. म्हणून मंदिराच्या वस्तूंना तीही नको. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ कापड, स्वच्छ पाण्याने धुणे आणि लगेच पूर्ण कोरडे करणे, एवढेच करावे.

उत्सव आटोपल्यावर वस्तू धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात. लोकर, वर्तमानपत्राचा कागद व रबराचे पट्टे पेटीत नसावेत, कारण त्यांच्या सहवासात काळिमा लवकर चढतो. मिठाचा पदार्थ चांदीच्या पात्रात फार वेळ राहू देऊ नये. श्रींच्या नित्य वापरातील भरीव चांदीचे फुलपात्र व पळी यांची गोष्ट वेगळी. त्यांत तीर्थ-नैवेद्य असतो, ती रोज धुवून पुसावीत व गरज पडेल तेव्हा चांदीच्या मऊ कापडाने उजळावीत. रोज हाताळलेली चांदी सहसा काळी पडत नाहीच. जी पेटीत वर्षभर विसरली जाते, तीच काळवंडते. देवघरातील भांड्यांस आणि घरातील वडीलधाऱ्यांस हा नियम सारखाच लागू आहे.

आणखी एक विनंती. धुण्यापूर्वी प्रत्येक वस्तूवरील कोरीव नावे वाचून मंदिराच्या वहीत उतरून घ्यावीत, म्हणजे अक्षरे झिजली तरी नाव झिजणार नाही. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी हे काम सभामंडपात करू. भगिनींनी जुन्या मऊ धोतरांचे व लुगड्यांचे धुतलेले तुकडे आणावेत, आणि मुलांनाही आणावे. नावे त्यांनी मोठ्याने वाचावीत व मोठ्यांनी लिहून घ्यावीत.

त्या मावशी आता या जगात नाहीत. तबक अक्षतांच्या कामी लागल्यानंतरही, चालवत होते तोवर त्या आरतीला येत राहिल्या. अक्षता घेताना त्यांचे बोट पूर्वीप्रमाणेच काठावरून फिरत असे. तेथे त्यांस काय लागत असे, ते आम्ही कधी विचारले नाही. आम्ही ते तबक अजून रोज पाण्याने धुतो. वर्ष केव्हाच संपले.

श्रीरामचंद्र आम्हां सर्वांस मळ काढण्याचे बळ आणि काळिमा ओळखण्याची बुद्धी देवोत, हीच प्रार्थना.

॥ श्रीरामार्पणमस्तु ॥